घरचीच नाजिया

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. आमचे मालक शेषराव शेठ यांना तीन वर्षं एकच दुःख होतं: कॉम्प्युटरला माणूस मिळत नाही. भेटेल त्याला ते सांगायचे, "आपल्या अकोल्यात टॅलेंटच नाई बापा!" हे ज्या टेबलाला टेकून सांगायचे, त्याच टेबलावर नाजिया काम करत बसलेली असायची.

नाजिया टायपिस्ट म्हणून लागली होती. पण काटा, बिलं, सर्व्हर, गोदामातले कॅमेरे, सगळं तीच चालवायची. ती रोज समोर दिसायची, हाच तिचा मोठा दोष. इंजिनिअर कसा, पुण्याकडे तोंड करून बसलेला पाहिजे! तसे पाच आले. शिकायला शेठ त्यांना नाजियाकडेच बसवायचे. सहा महिन्यांत माणूस तयार झाला की अनुभवाचा दाखला घेऊन पुण्याला पसार. आमच्या मिलमधून तूरडाळीसोबत इंजिनिअरही पॉलिश होऊन जात होते.

पाचवा फरदीन. तो गेला तेव्हा नाजियाने धीर करून विचारलं, "शेठ, ते पोस्ट मलेच द्या न."

शेठ मनापासून हसले. "तू तं घरचीच आहेस. तुले कायले पोस्ट पायजे?"

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा टाइप केला. प्रिंटही तिनेच काढली, कारण प्रिंटर दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हता. मला शेठचा भयंकर राग आला. पण मलाही तिथेच नोकरी करायची होती, म्हणून काट्यावर जाऊन पुढची गाडी मोजली.

मग शेठने पुण्याच्या एका कंपनीला कॉम्प्युटरचं काम दिलं आणि गावभर सांगितलं. गेल्या मंगळवारी काटा बंद पडला. तुरीच्या गाड्या गेटबाहेर खोळंबल्या. शेठने कंपनीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि शाळेच्या पुस्तकातली भाषा काढली. "मॅडम, आपण कृपया आमची अडचण समजून घ्याल का?"

"समजली शेठ. मी नाजिया बोलून राहिली. फरदीननं लावलं मले या कंपनीत. घरूनच काम करून राहिली."

तिचं घर मिलपासून दहा मिनिटांवर. शेठ पुस्तकातली भाषा विसरले. "अवं, मंग ये न इकडं! तू तं घरचीच आहेस."

"येतो न. पण आधी पुण्याले अर्ज टाका. इंजिनिअर पायजे, असं लिवा त्याच्यात."

अर्ज मीच टाइप केला. शेठ सांगत होते, मी एकेक बटण दाबत होतो. 'इंजिनिअर नाजिया मॅडम' एवढं मात्र ऐकू आलं नाही असं सांगून शेठकडून दोनदा वदवून घेतलं.