सुधाकाकूंनी पाय लावला नाही

पंचवटीतल्या त्या गल्लीत कुणाची उसण भरली, मान धरली, पाठीत चमक निघाली, की माणूस तडक सुधाकाकूंचं दार गाठतो. काकू पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेल्या. अशा माणसानं दुखऱ्या जागी पाय लावला की दुखणं पळतं, असं लोक मानतात. काकू स्वतः किती मानतात, ते विचारू नका. विचारलंच तर म्हणतात, उसण तशीही दोन दिवसांत उतरतेच. मी पाय लावते, वर चहा पाजते, माझं काय जातं?

घरातल्या एका माणसाला मात्र हा पाय कधी लागला नव्हता. चिंतामणकाकांना. काका रामकुंडावर पौरोहित्य करतात, आणि बायकोचा पाय नवऱ्याला लागणं म्हणजे त्यांच्या लेखी अब्रह्मण्यम! कंबर धरली तर लेप थापून कण्हत पडतील, पण काकूंना म्हणून सांगणार नाहीत. काकूंनीही कधी आग्रह केला नाही. असल्या हट्टी माणसाच्या नादी कोण लागणार?

आणि परवा ऐन थंडीत, सकाळची संध्या आटोपून काका स्वयंपाकघरात आले. डावा खांदा भरून आलाय म्हणाले. यजमान घाटावर ताटकळत असतील, चटकन काय ते उरक म्हणाले. मग पाटावर बसून भिंतीकडे तोंड केलं.

"लाव पाय."

काकू चमकल्या. सगळा संसार झाला, या माणसानं पाय लावून घेतला नाही, आणि आज आपण होऊन पाठ पुढे करतोय? साध्या उसणीनं काका असे वाकणारे नव्हते.

काकूंनी पाय नाही, हात लावला. खांदा चांगला दाबून पाहिला. उसण भरलेला माणूस तेवढ्यानं कळवळतो. काका हूं की चूं करेनात. हात वर करायला लावला, तर तोही सरळ गेला. बाहेर माणसं स्वेटर-कानटोप्या घालून हिंडत होती आणि काकांची पाठ घामानं निथळत होती. जबड्यातही दुखतंय का, असं विचारल्यावर त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.

"अहो, उठा. हा खांदा नाहीये. दवाखान्यात जायचंय."

काका भडकले. यजमानांना काय सांगू, खांद्यासाठी कुणी मोठ्या दवाखान्यात जातं का, लोक हसतील, सगळं म्हणून झालं. काकू एरवी ऐकून घेतात, त्या दिवशी नाही. शेजारच्या नवनाथला रिक्षा काढायला लावली आणि त्याच्यासमोरच नवऱ्याला गप्प बसा म्हणाल्या. द्वारका चौकात नेहमीसारख्या गाड्या तुंबलेल्या. नवनाथ हॉर्नवरचा हात काढेना, काका बोलायचे थांबले, आणि त्यांचं ते गप्प होणं काकूंना सहन होईना. या माणसाशिवाय घर कसं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढल्याबरोबर धावपळ उडाली. काकांना आत नेलं. काकू बाहेर बाकावर बसून राहिल्या.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हृदयाचा झटका होता म्हणाल्या. रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडली. वेळेत आणलंत, आता काळजीचं कारण दिसत नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला. नवनाथनं चहा आणून दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून प्यायला.

संध्याकाळी आत सोडलं. काका बारीक आवाजात म्हणाले, "दुखत छातीतच होतं गं. पहाटेपासून. तू घाबरशील म्हणून खांदा म्हटलं."

काकूंना असा काही संताप आला! पहाटेपासून? नर्सबाईंची पर्वा न करता त्यांनी काकांना तिथल्या तिथे झाप झाप झापलं, डोळे पुसत पुसत झापलं. काका निमूट ऐकत होते. ऐकायला ते होते, याचा काकूंना इतका आनंद झाला होता की त्यांचं तोंड काही थांबेना.