सूरवाला थकतेच

खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती. धनंजयनं सुताराला सांगून मुद्दाम बसवून घेतलेली, चांगली जाड. ती लावायचं-काढायचं काम आलं त्याच्या पोरीच्या, वर्षालीच्या वाट्याला. धनंजय दुकानात, त्याची बायको अंगणवाडीत; बी.ए.ला गटांगळी खाऊन घरी बसलेली तेवढी वर्षालीच. मग काय, पोरगी रिकामीच आहे म्हटल्यावर बोलायची सोयच नाही.

आत तिचे आबाजी, धनंजयचे वडील. रूपराव. सिंदी मेघेत आज कोणाला सांगून खरं वाटायचं नाही, पण पन्नास वर्षांमागं कारंज्याच्या मैदानावर लोक बंड्या जुंपून यायचे, ते ह्या माणसाच्या आट्यापाट्या बघायला. जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आडव्या नऊ पाट्या आखलेल्या, प्रत्येक पाटीवर एक राखणदार हात पसरून उभा. सगळ्यांना मधोमध छेदणारी लांबलचक सूरपाटी, तिच्यावर पळणारा सूरवाला. हे दोघं मिळून गड्याला एका चौकोनात अडकवतात, ती कोंडी. रूपरावांना कोंडीत धरणारा जन्माला यायचा होता, आणि ते स्वतः पाटीवर उभे असले की कोणी निसटत नसे. डावा खांदा पाडून अशी हूल द्यायचे, की राखणदार डावीकडं झेपावलाच समजा, आणि हे उजवीकडून पसार.

वर्षाली सहा-सात वर्षांची असताना त्यांनी अंगणात फक्की टाकून तिला तीच हूल शिकवली. "पायाकडं नको पाहू, माय. पाय खोटं बोलते. डोये पाह्यजो." त्या अंगणाइतकं सुख तिला पुढं कुठंच मिळालं नाही.

पंचाहत्तरी उलटली आणि म्हाताऱ्याची आठवण विरत चालली. सकाळी जेवलेलं आठवेना, लेकाचं नाव आठवेना. जुन्या गड्यांची नावं मात्र तोंडपाठ. २००४ च्या एप्रिलात ते कोणाला न सांगता निघाले, ते थेट बोरगाव मेघेच्या अंगाला. तिथं एका वावराचं नवं लेआउट पडलेलं. मधून लांब रस्ता, दोन्हीकडं प्लॉट, सगळं चुन्यानं आखलेलं. आता तुम्हीच सांगा, आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला ते काय दिसणार? रूपराव आत शिरले आणि अडकले. चार तास भर उन्हात एका प्लॉटात उभे. वर्षालीनं शोधून काढलं तेव्हा ओठ फुटलेले, पायजामा ओला. ती किती विनवत होती, पण ते काही रेघ ओलांडीनात.

"सूरवाला उभा हाये न," ते म्हणाले. "कोंडी पडली."

येणारे-जाणारे थांबून हसत होते. तेवढ्यात धनंजय आला आणि त्यानं बापाला बखोटीला धरून रेघेपलीकडं ओढलं. भरल्या मैदानात बाद झाल्यासारखा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. धनंजय काही कसाई नव्हता. बाप ट्रकखाली सापडला असता तर, ह्या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. दुसऱ्याच दिवशी कडी बसली.

रूपरावांनी ना शिव्या दिल्या ना दार बडवलं. नुसते दाराशी येऊन उभे राहायचे. वर्षाली बाहेर पुस्तक उघडून बसायची, पण डोळे कडीवर. ऑक्टोबरची परीक्षा आली तशी गेली. तिला कोणी जा म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही.

दिवाळीआधीची दुपार होती. ती दाराला पाठ टेकून बसलेली, आतून शांत आवाज आला.

"कोण हाये पाटीवर?"

"मी, आबाजी. वर्षाली."

नाव त्यांना ओळखू आलं नसावं. "उभा राह्य. मले घाई नाई. सूरवाला थकतेच."

सहा-सात महिने वर्षाली समजत होती, आपण आबाजींच्या बाजूच्या. आणि हा माणूस आत बसून आपल्याच थकण्याची वाट पाहून राह्यला होता. खरं सांगायचं तर ती थकलीच होती.

तिनं कडी काढली आणि दारात हात पसरून उभी राहिली. रूपरावांचा डावा खांदा पडला. डोळे उजवीकडं गेलेले तिला दिसले. तरी ती डावीकडंच झेपावली. म्हातारा अंगणात. फाटकाला हात लावून वळले आणि धापा टाकत परत आले. लोण पुरं करायचं तर परत यावंच लागतं. तिनं त्यांना खोलीत नेऊन पाणी पाजलं. पाणी पिऊन ते उठले, दारात गेले, तिच्याकडं तोंड करून हात पसरून उभे राहिले.

"आता तुहा डाव, माय. निघ."

माय म्हणाले. तिनं डावा खांदा पाडला आणि उजवीकडून निघाली. आयुष्यात कोणाला न सोडणारा तो हात तिच्यासाठी वर झाला आणि तिथंच थांबला.

ती बाहेर आली आणि कोपऱ्यावर बाबांची स्कूटर वाजली. आबाजी अजून तसेच उभे होते, हात पसरून, हसत. वर्षालीनं त्यांना हळूच आत सारलं, दार लोटलं आणि कडी लावली.

पुढं दोन महिन्यांनी रूपराव गेले. तोवर पाटीवर कोण आहे, हे त्यांनी आतून एकदाही विचारलं नाही. त्यांना ठाऊक झालं होतं.