वर न गेलेले हात

निजामाच्या राज्यात, धाराशिवच्या आमच्या शाळेत, मास्तरांनी आपल्यातूनच निवडलेलं पाच जणांचं मंडळ होतं, हे आज कुणाला खरं वाटत नाही. हेडमास्तरांची ती हौस. निवडणूक मात्र आमच्या पद्धतीनं व्हायची: त्या दिवशी जो गैरहजर, तो निवडून यायचा. हजर माणूस नको म्हणू शकतो ना! माठ कुठं ठेवायचे, घंटा कुणी द्यायची, एवढाच मंडळाचा कारभार. मी मनातून हसायचो.

पण हेडमास्तरांनी हट्टानं एक नियम घातला होता. मंडळातल्या निम्म्याहून जास्त जणांनी हात वर केल्याशिवाय कुठल्याही मास्तराला काढायचं नाही.

मग माझीच पाळी आली. शिकवायचं ते उर्दूतूनच, असा सरकारी हुकूम होता; पण बेंबळीकडच्या खेड्यांतल्या पोरांना उर्दूतून गणितं कळेनात, म्हणून मी ती वर्गात मराठीतून समजावली. कुणीतरी चहाडी केली आणि शिक्षण खात्याचे मोठे साहेब थेट शाळेत आले. मला नोकरीची एवढी भीती नव्हती. शेजारच्या गावात असाच एक मास्तर काढला आणि पाठोपाठ पोलिसांनी उचलला. तो कुठं आहे, हे त्याच्या बायकोलाही कळलं नव्हतं. मला तेच दिसत होतं.

साहेबांनी मंडळाला बोलावलं आणि मला कोपऱ्यात बसवलं. दाराशी बंदूकवाला जमादार उभा. साहेब उर्दूत म्हणाले, "यांना काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा."

मी जमिनीकडे बघत राहिलो. जरा कुणी हललं की वाटायचं, गेला हात वर. शेवटी मान वर केली, तर पाचही जण हात मांडीखाली दाबून बसलेले.

"बरं, ठेवावं असं कुणाला वाटतं?"

तेव्हाही एक हात हलला नाही. भीती बाजूला राहिली, मला संताप आला. यातल्या दोघांच्या पोरांना मी फुकट शिकवलं होतं!

साहेबांनी आवाज चढवून पहिला प्रश्न पुन्हा विचारला. मंडळातले ड्रॉइंग मास्तर लटलट कापत होते, पण हात तसाच दाबलेला. हेडमास्तर हळूच म्हणाले, "हुजूर, नियमाप्रमाणे यांना काढता येत नाही." साहेबांना माझी हकालपट्टी मंडळाच्या नावावर हवी होती, स्वतःच्या नव्हे. ते चहा न घेताच उठून गेले.

घरी आलो, तर बायको दारातच उभी होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"तुमच्या बाजूनं कुणी हात वर केला?"

"कुणीबी न्हाय. भित्रे लेकाचे!"

"आन् इरुद्ध?"

"इरुद्धबी न्हाय."

ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. "अवो, भित्रे कशाला म्हणता? समोर बंदूक असताना हात दाबून धरला त्यांनी. त्यांना काय बायकापोरं न्हाईत?"