आधी माझे खिसे बघा

जमादारांच्या डोक्यात बसली ती काठी माझ्या पोरासाठी, शिवासाठी उचललेली होती. शिवा जमिनीवर पडला होता, ओठ फाटलेला, दोन दात माझ्या पायाशी. फौजदाराने पुन्हा काठी उचलली आणि जमादार मधे आले. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला.

जमादार म्हणजे पोलिसातले कुत्रेवाले. आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. त्यांची कुत्री राणी गांजा हुंगून काढायची. सापडला की भुंकायची नाही, गुमान खाली बसायची.

कुणाच्याही घराची झडती असो, ते उंबऱ्याबाहेर थांबून आधी स्वतःचे खिसे उलटे करायचे. बरोबरच्यांनाही करायला लावायचे. बाहेरून आणून काही टाकलं असं कुणी म्हणू नये, म्हणून. माझ्याकडे नुसता चहाला आले तरी हात खिशाकडे जायचा.

"तंबाखूशिवाय हाय काय त्यात?" मी विचारलं.

"तेच बघायचं असतंय की, अव्वा."

एकदा शेजारच्या सुनेची अंगझडती घ्यायला पुरुष पोलीस पुढे झाला. जमादार दारात आडवे उभे राहिले. बाई पोलीस येईपर्यंत तासभर सगळ्यांना उन्हात तिष्ठत ठेवलं. बरोबरच्यांनी आईवरून शिव्या दिल्या. जमादारांनी तंबाखू मळली.

राणीला गांजाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला टॉवेल हवा असायचा. सरावाला जमादार टॉवेलची गुंडाळी गांजाच्या पुडीबरोबर ठेवायचे, वास लागला की लपवायचे. तिने शोधली की तिच्याशी ओढाओढी खेळायचे. गुंडाळी फाटली की शिवायला माझ्याकडे आणायचे. मी कारखान्याच्या टॉवेलांना दुमड घालते, घरात ढीग असतो. "वेगळी ठेवा, डब्यात घाला," जमादार दर वेळी सांगायचे. एकदा मी ढिगातच टाकली आणि विसरले.

दोन दिवसांनी गल्लीत झडती आली. माझ्या उंबऱ्याबाहेर जमादारांनी खिसे उलटे केले. राणी आत आली आणि ढिगापुढे बसली.

फौजदाराने शिवाला केसाला धरून खाली पाडलं. माल कुठे आहे म्हणत तोंडावर बूट मारला, मग काठी काढली. जमादारांनी ढिगात हात घालून गुंडाळी काढली.

"साहेब, ही माझी हाय. सरावाची. मी हितं टाकली, चूक माझी. पंचनाम्यात लिहा."

"गप बस."

"तुमी न्हाय लिहिलं तर मी कोर्टात सांगतो."

आणि मग ती काठी.

राणीला चावायला कुणी शिकवलं नव्हतं. तिने फौजदाराची पोटरी फाडली. त्याने लाथा घालून तिच्या बरगड्या मोडल्या. गल्लीतला किराणा दुकानदार पंच म्हणून उभा होता. जमादारांचं बोलणं लिहिल्याशिवाय त्याने सही केली नाही. त्याच कागदावर शिवा सुटला.

टॉवेल मी टाकला होता, हे जमादारांनी सांगितलं नाही. मीही त्या दिवशी सांगितलं नाही.

जमादार चौथ्या दिवशी दवाखान्यात वारले. राणी पुढे दोन वर्षं जगली. शिवा आहे. मी आहे.