सासऱ्यांच्या दुधीचा वंश

मी माझ्या सासऱ्यांच्या दुधीभोपळ्याचा वंश जवळजवळ बुडवला होता. आमचं वैर वगैरे काही नव्हतं. मी मुलींना विज्ञान शिकवत होतो.

आता विज्ञान शिकवायची पाळी माझ्यावर का आली, ते सांगतो. माझी बायको संगीता सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि तिच्या बदल्या होत असतात. दोन वर्षांत मुलींच्या तीन शाळा झाल्या. रिसोडला बदली झाली तेव्हा आम्ही तिच्या माहेरी, गावाबाहेरच्या मळ्यात राहायला आलो आणि मी जाहीर करून टाकलं, "आता वर्षभर शाळा घरीच. मी शिकवतो." मी घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. त्यामुळे मला वेळ भरपूर आहे असा घरातल्या सगळ्यांचा समज होता. (तो खरा होता.)

विद्यार्थिनी दोन. रेवा दहा वर्षांची, चिऊ सात वर्षांची. गणित, मराठी, इंग्रजी ठीक चाललं. मग ऑगस्टमध्ये मी 'बी-बियाणं आणि वनस्पतीशास्त्राचा इतिहास' हा विषय काढला. घराभोवती मळा, सासरे जन्माचे भाजीवाले. म्हटलं, प्रयोगशाळा फुकट मिळाली.

पहिल्या दिवशी मी त्यांना त्या प्रसिद्ध वाटाण्यांची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी परदेशात एका मठात एक साधू होता. तो मठाच्या बागेत वाटाणे लावायचा. उंच झाडाचा पराग बुटक्या झाडाच्या फुलाला लावायचा आणि पुढची रोपं कशी निघतात ते मोजायचा. त्यातून अनुवंशशास्त्र निघालं.

"तो मास्तर होता?" रेवानं विचारलं.

"शिकवायचा. पण शिक्षकाच्या परीक्षेत मात्र नापास झाला होता."

"तुमी कोनती परीक्षा दिली, बाबा?"

मी तास संपल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोग. वाटाणा हिवाळ्यात येतो, म्हणून त्याऐवजी मी विहिरीजवळच्या मांडवावरचा दुधी निवडला. वेल तजेलदार, पांढरी फुलं भरपूर, आणि मुख्य म्हणजे मुलींचा हात पोचेल एवढा मांडव ठेंगणा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्या दिवशी शिरपूरला नातेवाइकांकडे गेलेले. चार दिवसांनी येणार होते. जाताना ते मांडवाकडं बोट करून एवढंच म्हणाले होते, "ह्या चार वेलांकडे ध्यान द्या, जवाई." मी ध्यान दिलं. वाईट याचंच वाटतं.

प्रयोगाची रीत मी आदल्या दिवशी मोबाईलवर पाहिली होती. फूल उमलायच्या आत चिमट्यानं त्यातले पुंकेसर काढायचे, म्हणजे फूल स्वतःचाच पराग घेत नाही. मग त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि कागदी पिशवी बांधायची. मी संगीताचा भुवया कोरायचा चिमटा घेतला. मुलींनी वहीच्या पानांच्या पिशव्या केल्या आणि त्यांवर नवरा-नवरीची नावं लिहिली.

मांडवाखाली गेल्यावर पहिली अडचण आली. सकाळचे नऊ वाजलेले आणि सगळी फुलं मिटलेली. मी म्हणालो, "उत्तम. उमलायच्या आतच काढायचे असतात." दुसरी अडचण अशी, की काही फुलांच्या देठाशी एक लवदार, हिरवी गाठ होती. वाटाण्याच्या चित्रात अशी गाठ नव्हती.

"बाबा, हे काय आहे?" चिऊनं विचारलं.

शिक्षकानं 'माहीत नाही' म्हणायला शिकावं असं मी कुठंतरी वाचलं होतं. त्या दिवशी आठवलं नाही. मी म्हणालो, "रोग आहे. अळीनं घर केलं की झाडाला अशा गाठी येतात. ही सगळी रोगट फुलं खुडून टाका, नाहीतर रोग पसरेल."

मुलींना एवढं आवडीचं काम अख्ख्या वर्षात मिळालं नव्हतं. कुणाच्या गाठी जास्त यावर शर्यत लागली. मी स्टुलावर चढून वरच्या काढल्या. तासाभरात चारही वेल निरोगी झाले आणि गाठींनी टोपली अर्धी भरली.

मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजारात भाजी देऊन अकराच्या सुमाराला परतल्या. त्यांनी टोपलीत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"हे काय होय?"

"रोगट फुलं, मामी. वेळेवर लक्षात आलं."

मामींनी एक गाठ उचलून नखानं चिरली. आत पांढरा, कोवळा, इवलासा गर.

"जवाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "हे भोपये होत."

मग त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. दुधीला नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं असतं, आणि मादीफुलाच्या बुडाशी जन्मापासूनच बारका भोपळा असतो, हे मला त्या क्षणी कळलं. रेवानं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

"आता ह्यांच्यावर एकही भोपया नाई," मामी म्हणाल्या. "अन् हे वेल खायाचे नव्हते. बियाचे होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. हा दुधी बाजारातला नव्हे. मामाजींची आई लग्नात माहेराहून बी घेऊन आली होती, तेव्हापासूनचा. मान बाकदार, बूड मडक्याएवढं, आणि चव अशी की ओळखीची गिऱ्हाईकं मामाजींच्या टोपलीपाशी थांबून असायची. गेल्या वर्षी बियाच्या डब्यात ओल शिरली, सगळं बी बुरशीनं गेलं. कोनाड्यात एक पुडी सापडली, तीत नऊ बिया. त्यातल्या चारच उगवल्या. तेच हे चार वेल.

"पाह्यजा, आनखी येतीन फुलं," माझं तोंड पाहून मामी म्हणाल्या. "आता फक्त हात लावू नका."

हे सरळ मराठी वाक्य होतं. मला ते समजलंही होतं. पण चार दिवसांनी मामाजी येणार आणि तोवर काहीतरी भरपाई करायची, या विचारानं मला जेवण जाईना. दुपारी मी पुन्हा मोबाईल उघडला. वेलाचा शेंडा खुडला की नव्या फांद्या फुटतात आणि त्यांवर मादीफुलं जास्त येतात, असं एक जण छातीठोकपणे सांगत होता. मामी झोपल्यावर मी कात्री घेऊन मांडवाखाली शिरलो.

शेंडा खुडणं सोपं आहे. शेंडा कुठला आणि बूड कुठलं, हे मांडवातल्या गुंत्यात ओळखणं अवघड आहे. मी दोन कापले. बाकीचे दोन उद्या कापू म्हणून थांबलो, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

संध्याकाळी चिऊ धावत आली. "बाबा, दोन वेलं झोपले."

दोन्ही वेल मांडवावर ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. मी ते बुडापासून वीतभर उंचीवर कापले होते.

संगीता ड्युटीवरून आली, तिनं मांडव पाहिला आणि विचारलं, "कायले हात लावला मंग? आईनं नाई म्हनलं होतं ना?"

"भरपाई करत होतो."

"आता भरपाई नका करू. तुमच्या पाया पडते."

तरी मी आणखी एकदा केली. (हे लिहिताना मलाही पटत नाही.) दुसऱ्या दिवशी पहाटे, उरलेल्या दोन वेलांना ताकद यावी म्हणून मी युरिया घातला. मोजून घातला असता, पण माप सापडलं नाही, म्हणून ओंजळ वापरली. पहिल्या वेलाला दोन ओंजळी घालून झाल्या आणि दुसऱ्याकडं वळलो, तेवढ्यात मामी मांडवापाशी आल्या. त्यांनी माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. दोन दिवसांत त्या वेलाची पानं कडेनं करपली, मग मधून, मग तो गेला.

चारातला एक वेल राहिला. तोही मी त्याच्यापर्यंत पोचलो नव्हतो म्हणून.

मामाजी ठरल्या दिवशी जीपमधून उतरले आणि पिशवी खांद्यावर घेऊन सरळ मांडवाकडं गेले. मी मागून गेलो. काय झालं ते मी पहिल्यापासून सांगितलं, साधूसकट. ते खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या उरलेल्या वेलाच्या बुडाशी हात ठेवला.

"मायले ह्याची भाजी लय आवडे," ते म्हणाले.

मला आयुष्यात एवढं लहान वाटलं नव्हतं. रेवा माझा हात धरून उभी होती आणि चिऊ रडत होती.

मग मामी पुढं झाल्या. "उठा. एक वेल पुरे होते. पोरीहो, चला, दोरा आना."

"आता कशाला? नवी फुलं तर सकाळी पाहू," मी म्हणालो.

"दुधीचं फूल दिवस बुडताना उमलते, जवाई. तुमची शाया तवा सुटलेली रायते."

आणि खरंच, ऊन उतरलं तशी एकेक पांढरी फुलं उघडायला लागली. त्या आठवड्यात अधूनमधून पावसाची झड येत होती, पाखरं-पतंग फिरकत नव्हते, त्यामुळं आपोआप फळ धरेल याचा भरवसा नव्हता. वेलाला दोन नवी मादीफुलं आली होती. मामींनी नरफूल तोडलं, त्याच्या पाकळ्या मागे सोलल्या, आणि आतला पिवळा पराग मादीफुलाच्या मधोमध अलगद टेकवून फिरवला. मग फुलाचं तोंड दोऱ्यानं बांधलं. चिमटा नाही, स्टूल नाही. एका फुलाला अर्धं मिनिट लागलं असेल.

मी विचारलं, "मामी, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"कंपनीच्या बियाच्या प्लॉटवर. दहा वर्स क्रॉसिंगले गेली मी. मिरची, टमाटे, वांगे. दिवसभर हेच. नर काढा, पराग लावा, दोरा बांधा."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी त्या साधूचं सांगून राह्यले होते," मामी म्हणाल्या. "मले वाटलं, तुमाले येते."

दोनपैकी एक फूल गळलं. दुसऱ्याच्या बुडाशी असलेली गाठ आठ दिवसांत बोटाएवढी झाली, मग मुठीएवढी, आणि मग तिला ती बाकदार मान दिसायला लागली. मामाजी रोज सकाळी चहा घेऊन तिथंच बसायचे. मला त्या मांडवाखाली यायला बंदी नव्हती. फक्त मी आलो की कुणीतरी सहज उठून माझ्याजवळ येऊन उभं राहायचं.

भोपळा वेलावरच वाळू दिला. दिवाळी झाल्यावर मामाजींनी तो कापला. आत बी भरगच्च निघालं, चिऊनं मोजताना तीनदा हिशेब चुकवला. ते पाहून मामाजी पहिल्यांदा हसले. पुन्हा असं संकट नको म्हणून त्यांनी ठरवलं, बी एकाच घरात ठेवायचं नाही. रिसोडला, शिरपूरला, शेलूबाजारला, ओळखीच्या वीस घरी पुड्या द्यायच्या.

पुड्यांवर चिकटवायची चिठ्ठी तयार करणं, हा मुलींचा पुढचा अभ्यास झाला. शिकवायला आता मामी होत्या. रेवानं सुंदर अक्षरात मजकूर लिहिला. बी कधी लावावं, मांडव कसा करावा, फूल संध्याकाळी उमलतं, ओल लागू देऊ नये. आणि शेवटच्या ओळीत, 'शेळी, डुक्कर व आमचे बाबा यांपासून वेल सांभाळावा.'

प्रिंटर माझ्या टेबलावर असल्यामुळं वीस प्रती काढायचं काम माझ्याकडं आलं. छापण्याआधी, शिक्षक या नात्यानं, मी मजकूर बारकाईनं तपासला. एकही चूक नव्हती.