राब कोणी पेटवला

वाद घालायची खोड मला लहानपणापासूनची. सातवीची फायनल पास होऊन मास्तर झाल्यावर ती कमी व्हायची, ती आणखी वाढली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारणं हे माझंच काम आहे, अशी माझी पक्की समजूत होती. बा वैतागून म्हणायचा, "याला बैलासारखी मुसकी घाला कोनीतरी."

त्या वर्षी जेठ संपता संपता आमच्या खालच्या वाफ्यातलं भाताचं रोप पिवळं पडलं. वरचे दोन वाफे हिरवेगार होते, खाली मात्र रोपापेक्षा गवतच जास्त. लावणी तोंडावर आलेली. थोरले चुलते सकाळीच येऊन ओटीवर बसले आणि त्यांनी कारण सांगून टाकलं. राबाला वहिनीचा हात लागला होता.

आमच्याकडे पेरणीआधी उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, टहाळ, पातेरा आणि गवत रचून, वर माती पसरून ते जाळतात. त्याला राब म्हणतात. जमीन नीट भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं येतं. राब रचायला सवाष्ण लागते, असं आमच्या भावकीत मानत. माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी हिवतापानं गेला होता. आई त्याच्याही आधी गेलेली. घरात दुसरी बाईच नव्हती, म्हणून त्या साली राब वहिनीनं रचला होता.

"तिला कसाऱ्याला तिच्या भावाकडं पोचवा," चुलते म्हणाले. "पोर आपल्या घरची हाय, ती हितंच ऱ्हाईल."

पोर म्हणजे माझी पाच वर्षांची पुतणी. आईवाचून ती एक दिवस राहिली नव्हती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, तिन्ही वाफ्यांचा राब वहिनीनंच रचला ना? मग हात वाईट असंल तर तिन्ही वाफे जायला पायजे होते. दोन चांगले कसे आले?"

"तो वाफा तिनं पैला रचला. पैल्या हाताचा गुण."

"म्हणजे दुसऱ्या वाफ्याला हात सुधारला?"

बा हसला. चुलते मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "बरं मास्तर, हाताचं नसंल तर नसंल. मग रोप पिवळं का पडलं, ते तू सांग."

प्रश्न रास्त होता. तो सोडून मी बोलतच राहिलो, अडाणीपणावर, रूढींवर. सभेत टाळ्या पडाव्यात असं बोललो. ओटीवर एकाचंही मत तसूभर हललं नाही.

तेवढ्यात दाराआडून वहिनी बोलली. थोरल्यांपुढं ती कधी बोलत नसे. "मामंजी, वाफा उकरून तरी बघा. बघितल्याबिगर मला घालवू नका."

आम्ही चौघंही खाली उतरलो. वहिनीनं विळ्यानं आधी वरचा वाफा उकरला. चार बोटं खोलपर्यंत माती भाजून भुसभुशीत झालेली. मग खालचा. वर नखभर काळी राख आणि खाली माती कच्चीच, त्यात हरळीची पांढरी, जिवंत मुळं. चुलत्यांनी ती माती हातात घेतली, चुरली, नाकाशी नेली. माणूस हट्टी खरा, पण शेतकरी अस्सल.

"हा राब भाजलाच नाय," ते म्हणाले. "वरच्यावर जळून गेला. वाऱ्याच्या तोंडाकडनं पेटवलाय कोनीतरी."

राब पेटवायचा तो वारा जिकडे जातो त्या टोकाला. मग आग वाऱ्याच्या उलट सावकाश सरकते आणि जमीन खोल भाजते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

"कोनी पेटवला?" चुलत्यांनी विचारलं. राब पेटवायच्या दिवसांत बा तापानं पडला होता. तो माझ्याकडे बघू लागला.

वरचे दोन वाफे मी आदल्या दिवशी नीट पेटवले होते. तिसऱ्याच्या दिवशी मुरबाडला आम्हा मास्तरांची वादविवाद सभा होती, विषय 'रूढी श्रेष्ठ की बुद्धी'. मी बुद्धीच्या बाजूनं बोलणार होतो आणि मला उशीर होत होता. झटकन आटपावं म्हणून मी वाऱ्याच्या बाजूनंच काडी लावली आणि पळालो. मग विसरूनही गेलो. वारा मधेच फिरला, असं सांगता आलं असतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

"मी," मी म्हणालो. "घाई होती, म्हणून वाऱ्याच्या बाजूनं पेटवला."

"हात दाखवून अवलक्षण!" चुलते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मग माती झटकून उठले. वहिनीकडे न बघताच बाला म्हणाले, "माझं रोप जास्तीचं हाय. लावणीला तुझ्या सुनेला धाड, घेऊन जाईल." कसाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

लावणीच्या दिवसांत चिखलात शेजारी शेजारी वाकलेलो असताना मी वहिनीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय. मी बांधावरच व्हते. तुमी पेटवलात तवाच वारा बघितला."

"मग ओटीवर सांगितलं का नाहीस?"

तिनं हातातली जुडी सोडवली. "भावजी, माझ्या बाजूनं बोलनारे तुमी एकलेच व्हता. तुमचंच नाव घेतलं असतं, तर माझ्या बाजूनं कोन उरलं असतं?"

रोप लावत ती दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "आता तुमचं चुकलं तर सांगीन. आता भ्या नाय वाटत. ती तुमची रांग वाकडी चाललीय, बघा."