निम्मी गोष्ट भिंतीकडे तोंड करून

दुसऱ्या महायुद्धाच्या, त्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षी मी लोणंदच्या बाजूला पत्रकं वाटत हिंडत होतो. पत्रकं लिहायचो मीच. लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीच्या नावाखाली शेतकऱ्याची ज्वारी उचलली जाते आणि तीच पुढं काळ्या बाजारात निघते, हे ज्या गावांत सांगायचं तिथं वाचता येणारी माणसं किती, तर चारदोन. हे मला ठाऊक होतं, तरी मी बारीक अक्षरात पानं गच्च भरत होतो. माझ्याच पत्रकाच्या पुडीत तपकीर बांधलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. संताप यायचा. सरकारचाही आणि तपकीरवाल्याचाही.

एका गावात माझा मुक्काम शाळेतल्या दोस्ताच्या घरी असे. दोस्त मात्र पलटणीत, आसामच्या बाजूला. परक्या सरकारची बंदूक खांद्यावर घेतलीस म्हणून मी त्याच्याशी कडाकडा भांडलो होतो. घरी त्याची आई आणि बायको. त्या बायकोला मी वैनी म्हणायचो.

पहिल्याच दिवशी सोप्यात पाय ठेवला आणि भिंतीपुढं उभाच राहिलो. भिंतभर रंगीत चित्रं. एकेका पानावर सहा-सहा, आठ-आठ चौकटी. हिरव्या कपड्यांतला एक पैलवान गडी, गळ्याशी पिवळं घोंगडं बांधलेलं, आणि तो हवेतून चाललेला. अमेरिकन सोल्जरांनी टाकलेलं कसलंसं बुक दोस्तानं पार्सलातून पाठवलं होतं.

"गोऱ्यांचा कागद भिंतीला कशाला लावलाय, वैनी?"

"पोपडं पडत व्हतं. खळ केली, लावला. तुमची पत्रकं बी लावली असती, पर त्यात बगायला काय हाय?"

माझे डोळे भिंतीवरच. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरून खाली पाहिलं की घरं जशी दिसतात, तसं एका चौकटीत अख्खं शहर वरून काढलेलं होतं. आमच्या कॅलेंडरातले देव समोर तोंड करून उभे राहतात. इथं चित्रकार कधी गड्याच्या पाठीमागं जाऊन उभा, कधी त्याच्या पायाशी. एका चौकटीत नुसती मूठ. पुढच्या चौकटीत दार मोडून पडलेलं. मधला दणका काढलेलाच नाही आणि तरी तो कानात वाजला. मी एवढी पत्रकं लिहिली, एकातही असा दणका मला साधला नव्हता.

दुपारी आळीतल्या बायका शेंगा फोडायला तिथंच जमत. हातात काटकी घेऊन वैनी गोष्ट सांगे. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मला येत होतं ते अर्जापुरतं. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. पानं दोन्ही बाजूंनी छापलेली, त्यामुळं चिकटवताना निम्मी गोष्ट भिंतीकडे तोंड करून बसली. ती निम्मी वैनी स्वतः रचायची.

"आगं, ह्यो लंगोट इजारीच्या वरनं का गं घालतोय?" एका म्हातारीनं विचारलं.

"घाईत निघाला आसंल. कुणीतरी हाक मारली आसंल."

बायका खदखदा हसल्या. मीही हसलो, पण मनात खटकलं. हे सगळं खोटं. मागं काहीतरी खरं छापलेलं आहे आणि ही बाई आपलं रेटून सांगते आहे. खोटं उघडं पाडायची मला खोडच लागली होती.

बाजाराच्या दिवशी दोघी सासवासुना लोणंदला गेल्या. मी ओलं फडकं घेतलं, एक पान भिजवलं आणि कडेनं सोलायला लागलो. कागदाचा लगदा झाला. मातीसकट पट्ट्या निघाल्या. मागच्या बाजूचा एक डोळा आणि अर्धं चाक दिसलं, बाकी सगळा चिखल. दोन्ही बाजू गेल्या.

वैनी आली. डोक्यावरची पाटी उतरवली नाही, तशीच भिंतीकडं बघत राहिली.

"काय हुडकत व्हता?"

"मागचं पान."

"गावलं?"

"नाही."

ती खाली बसून तुकडे वेचायला लागली. "हितं कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा व्हता. काळा. बंदुकीच्या तेलाचा."

मी तो ठसा पाहिला होता. छापखान्याचा डाग समजलो होतो. आणि दोस्ताचं पत्र येऊन चार महिने झाले होते, हेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. वैनीनं काटकी माझ्या हातात दिली. "ह्यांनी फाडलं. आता ह्येच सांगतील."

सभेत मी तासतासभर बोलायचो. तसाच सुरू झालो. "बायांनो, हा वीर म्हणजे जुलमाविरुद्ध उठलेल्या..."

"आवं भाऊ, भाषाण नगं," म्हातारी म्हणाली. "म्होरं काय झालं त्ये सांगा."

मी भिंतीकडं वळलो आणि नीट पाहिलं. फाटलेल्या जागेच्या अलीकडच्या पानावर घोंगडं अखंड होतं. पलीकडच्या पानावर त्याची लक्तरं झाली होती आणि गडी धुरातून चालत होता. चित्रकारानं धूर काढला होता तोही नुसत्या आडव्या रेघा मारून.

"हितं," मी मोकळ्या मातीवर काटकी टेकली, "आग लागली. छप्पर ह्याच्या अंगावर आलं. घोंगडं अडकलं, ते ह्यानं फाडलं."

"मग मेला?" मागून कुणीतरी.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, एक वैनी सोडून. ती पलीकडच्या पानाकडं बघत होती.

"मेला कसा?" ती म्हणाली. "पाय बगा की. डावा उचलून टाकतोय. लंगडतोय, पर चालतोय. आन् तोंड आपल्याकडं हाय."

मी काटकी तिला परत दिली.

आता सांगलीत छापखान्यात असतो. पत्रकं अजून लिहितो, पण मोठ्या अक्षरात, आणि जमेल तिथं चौकट आखून चित्र काढतो. हात तितका चालत नाही. त्या दुपारी मात्र पुष्कळदा आठवतात, शेंगांच्या टरफलांच्या वासासकट.

लढाई संपल्यावर दोस्त पलटणीतून सुटून आला. धडधाकट. मी मुद्दाम गावी गेलो आणि आधी तेच विचारलं, त्या पानाच्या मागं काय होतं?

"कुनाला ठावं गड्या! म्या कुटं बगितलं? पार्सलात दुधाचा डबा वाजत व्हता, म्हनून भवतीनं गुंडाळलं."

चहा घेऊन आलेली वैनी थबकली. मग त्याच्यापुढं कप ठेवत म्हणाली, "मंग बसा दुपारी शेंगा फोडायला. पयल्यापासनं ऐकाया लागंल तुमास्नी."